कोच टिप्टन गेले, माझं काही म्हणणं नाही

३ डिसेंबर, दुपारी १.१०

कोच टिप्टन गेले. अकरा वर्षं आमच्या मार्लो कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम सांभाळली आणि आज सकाळी राजीनामा देऊन ग्राफ्टनला गेले. ग्राफ्टन म्हणजे आमचे सात जन्मांचे वैरी. आमच्या टीमचं चिन्ह कासव, त्यांचं खेचर. गावात शोककळा पसरली आहे. पेट्रोल पंपावर एक बाई गाडीला टेकून रडत होती, तिचं पेट्रोल भरून कधीच झालं होतं.

मी शांत आहे. लोनेटनं ही वही दिली. डॉक्टरांनी माझं ब्लड प्रेशर बघून फॅन लोकांच्या फोरमवर लिहायला बंदी घातली आहे. जे काय लिहायचं ते यात लिही, इथं उलट उत्तर द्यायला कोणी नाही, असं लोनेट म्हणाली. बायको म्हणून तिला हे सुचलं याचं कौतुक वाटलं.

संकल्प: या वादात पडायचं नाही. माणूस आला, माणूस गेला.

३ डिसेंबर, दुपारी १.४०

फोरमवर चार पोस्ट टाकल्या. वाद म्हणून नव्हे. एकानं लिहिलं होतं की टिप्टन दहा वर्षं होते. अकरा. चुकीची माहिती तशीच राहू देणं ब्लड प्रेशरला जास्त वाईट.

संध्याकाळी ५.०५

एकूण सव्वीस. आता बंद.

४ डिसेंबर

मी तटस्थ का राहू शकतो, हे एकदा लिहून ठेवतो. बाकीचे लोक टिप्टनना टीव्हीवर ओळखतात. माझा त्यांच्याशी पत्रव्यवहार आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी त्यांना एक डाव काढून पाठवला होता. 'उलटं कासव'. आपले तीन गडी एकदम उताणे पडतात, हातपाय वर. समोरचे बघत राहतात. तेवढ्यात चौथा बॉल काखेत मारून चालत चालत रेषेपार. चार आठवड्यांनी ग्राफ्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला कोचनी नेमका हाच डाव खेळला आणि आम्ही २०-१७ जिंकलो. अख्ख्या आयोवा राज्यात अजून लोक त्याबद्दल बोलतात.

मॅचच्या आधीच मला उत्तर आलं होतं. "तुमच्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार." खाली सही, कोच टिप्टन. सहीतला टी जरा कलंडलेला आहे. घाईत असणार, मोठी माणसं. पत्र फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. तिथं आमचा लग्नाचा फोटो होता, तो पॅसेजमध्ये हलवला. तिथंही उजेड चांगला आहे.

विशेष म्हणजे त्या साली लोनेट तीन महिने कॉलेजच्या क्रीडा ऑफिसात टपालाचं काम बघत होती. तरी मी वशिला लावला नाही. रीतसर तिकीट लावून पोस्टात टाकलं. पत्र स्वतःच्या बळावर पोहोचलं.

६ डिसेंबर, शनिवार

ऑरिन बेक आला होता. हिवाळ्यात दर शनिवारी येतो, फ्रेमखालच्या सोफ्यावर बसतो आणि चिप्सचं अख्खं पाकीट संपवतो. बावीस वर्षांची दोस्ती. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये माझी जागा १४ नंबर, त्याची १५. मधोमध आमची भट्टी.

ही भट्टी ऑरिननं तेलाच्या जुन्या टाकीपासून जोडली आहे. हुबेहूब कासव. पोटात लाकूड जळतं, पाठीच्या झाकणाखाली मांस धुरावर शिजतं आणि वर केलेल्या डोक्यातून धूर निघतो. मॅचच्या दिवशी अर्धं पार्किंग आमच्याकडं जेवतं. वेल्डिंग त्याचं, कल्पना माझी. म्हणजे टाकी मी दाखवली.

तर आज मी सहज म्हणालो की टिप्टनांचं कार्य विसरता कामा नये. ऑरिन म्हणाला, कसलं कार्य, तो चोर आहे, आमच्या घरचं घेऊन गेला. आता ऑरिनच्या घरचं टिप्टन काय नेणार? एक कुत्रा आणि वेल्डिंगचं मशीन. मी म्हणालो, ऑरिन, तुला आतल्या गोष्टी माहीत नाहीत, आणि वर पत्राकडं बोट दाखवलं. त्यानं तोंड उघडलं, लोनेटकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. टोपी उचलून निघून गेला. मुद्दे संपले की माणसं अशीच उठतात.

चिप्सचं पाकीट अर्धं राहिलं. हे यापूर्वी कधी घडलेलं नाही.

९ डिसेंबर

ऑरिननं टिप्टनांचं नाव छापलेला टी-शर्ट जाळला. गावात सगळेच जाळतायत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यानं तो आमच्या भट्टीत जाळला. जिच्यात बावीस वर्षं फक्त हिकरीचं लाकूड गेलं, तिच्यात पॉलिएस्टर.

मी ट्रक घेऊन गेलो आणि माझा अर्धा हिस्सा मागितला. तो म्हणाला, ने, कुठला अर्धा पाहिजे? बिजागऱ्या त्यानंच काढून दिल्या. मी पाठ आणली, पोट त्याच्याकडं राहिलं. पाठीला डोकं जोडलेलं आहे, म्हणजे महत्त्वाचा भाग माझ्याकडं आला.

लोनेट गॅरेजमध्ये येऊन बघून गेली. शनिवारी तो आता कुठं जाईल रे, म्हणाली. त्याची बायको, जोडी तिचं नाव, वारून चार वर्षं झाली, म्हणून हिला त्याचा कळवळा. मी म्हणालो, त्याला कुत्रा आहे.

१५ डिसेंबर

मोठी बातमी. तटस्थपणे नोंदवतो.

कोच टिप्टन परत येत आहेत.

ग्राफ्टनच्या कुणा श्रीमंत माणसाचं विमान आहे, त्यातून टिप्टन फिरतात. विमानाचा नंबर इंटरनेटवर टाकला की ते कुठं चाललंय ते दिसतं. कोच बदलायची वेळ आली की आमच्याकडं अख्खं गाव हेच करत बसतं, दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी. तर त्या विमानाची बुधवारी सकाळी ९.४० ला मार्लोच्या धावपट्टीवर उतरायची नोंद आहे. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. माणसाला बारा दिवसांत चूक उमगली, हा त्यांचा मोठेपणा.

फोरमवर फक्त एक ओळ टाकली. दोनशे उत्तरं आली.

१७ डिसेंबर, सकाळी ८.१५

बॅनर तयार आहे: 'घरी परत या, कोच'. लोनेटनं ओव्हनमध्ये चिकन आणि भाताचा कॅसरोल केला. कशासाठी ते तिला सांगितलेलं नाही, चर्चसाठी म्हणालो. भाषण पाठ आहे, अडीच मिनिटं. शेवटी उलट्या कासवाचा ओझरता उल्लेख.

१७ डिसेंबर, दुपारी २.३०

थोडक्यात लिहितो.

अकरा माणसं जमली होती, एकाकडं ट्रम्पेट. विमान बरोबर ९.४० ला उतरलं. अपेक्षेपेक्षा लहान होतं. दार उघडलं, ट्रम्पेट वाजला. पायलट उतरला आणि म्हणाला, मार्लोचा माणूस कोण? मी पुढं होऊन म्हणालो, मी. त्यानं कागद पुढं केला, मी सही केली. मला वाटलं, कराराची काहीतरी पूर्वतयारी असेल.

त्यानं मला थर्मोकोलचे चार मोठे डबे दिले. पैदाशीच्या वराहाच्या वीर्याचे ऐंशी डोस. डुकरांच्या फार्मवर आज दुपारी बाराच्या आत पोहोचायला हवेत आणि वाटेत हलता कामा नयेत. विमानाच्या नंबरात माझी एका आकड्याची चूक झाली होती. आठ आणि तीन. चष्मा बदलायला हवा.

ज्या माणसानं डबे न्यायचे होते तो आलाच नाही, आणि सही माझी होती. सतरा मैल ताशी वीसच्या वेगानं नेले. बॅनर गुंडाळून डब्यांच्या मध्ये घातला. कॅसरोल पायलटनं खाल्ला, चांगला झालाय म्हणाला.

एक गोष्ट राहिली. धावपट्टीच्या टोकाला कुंपणाला लागून ऑरिनचा ट्रक उभा होता. खिडकीतून विचारलं, इथं काय करतोयस? म्हणाला, धावपट्टीवरचं बर्फ बघायला आलोय. काही माणसांना स्वतःशीही खरं बोलता येत नाही.

१३ जानेवारी

टीमच्या फॅन क्लबची सभा. विषय: पाण्याची टाकी.

गावच्या टाकीवर सहा वर्षांपूर्वी क्लबनं टिप्टनांचा तीस फुटी चेहरा रंगवून घेतला, कानाला हेडफोन. आता तो राहावा की जावा? क्लबच्या अध्यक्ष मिसेस पॉल्सन केमिस्ट्रीच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी एकेकाला दोन मिनिटं दिली. एक म्हणाला, दोनदा विजेतेपद दिलं त्या माणसानं, जरा लाज बाळगा. दुसरा म्हणाला, शेवटची मॅच बाकी असताना पळाला, पोरं बसमध्ये बसली होती. तिसरा म्हणाला, पोरं जिंकली, हा नुसता टोपी घालून उभा होता. चौथ्यानं १९८७ सालच्या एका किकबद्दल विचारलं. तो दर सभेत विचारतो.

ऑरिन उठला आणि म्हणाला, मी नळ उघडला की मला हा माणूस आठवतो, अंघोळ करवत नाही. टाळ्या पडल्या. मी काही म्हणालो नाही. फक्त उठून सव्वीस मिनिटं तटस्थ राहण्याचं महत्त्व सांगितलं.

शेवटी माझीच सूचना मान्य झाली: एकदम काही करायचं नाही, टप्प्याटप्प्यानं जायचं. पहिला टप्पा, फक्त हेडफोन पुसायचा. त्यानं दोन्ही बाजूंचं समाधान होईल.

२ फेब्रुवारी

हेडफोन पुसला. कोणाचंच समाधान नाही. हेडफोन नसला तरी तो तोच आहे, असं ऑरिनच्या बाजूचं म्हणणं.

दुसरा टप्पा: मिशी लावायची.

१ मार्च

मिशी आणि चष्मा झाला. केस मागं घेतले. आता टाकीवर स्पष्टपणे डॉ. फेंटन आहेत. फेंटन आमचे दातांचे डॉक्टर. त्यांचा फुटबॉलशी संबंध नाही, पण खूश आहेत. सध्या दवाखान्यात तीन आठवड्यांची वेटिंग लिस्ट आहे. ग्राफ्टनहून दोन माणसं दात दाखवायला आली म्हणे.

टिप्टनांच्या कार्याचं रक्षण झालं असं मी मानतो. आत खोलवर तो चेहरा आहेच.

१८ एप्रिल

भट्टीची पाठ विटांवर ठेवून मांस शिजवून पाहिलं. पाठीला तळ नसतो, ही मोठी अडचण. धूर सगळीकडं गेला, फक्त मांसाकडं गेला नाही. शेजारीण पाण्याचा पाइप घेऊन आली.

लोनेटनं सांगितलं, ऑरिनही पोटावर पत्रा वेल्ड करून प्रयत्न करतोय. त्याच्या भुवया गेल्या. मला हसू यायला हवं होतं. बराच वेळ वाट पाहिली.

संकल्प: ऑरिनचा विषय या वहीत काढायचा नाही.

१९ एप्रिल

ऑरिनला दोन्ही भुवया गेल्या की एक, ते विचारायचं राहिलं.

२३ मे

मला ऑरिनची आठवण येत नाही. तरी लिहून ठेवतो, कारण लोनेट दर शनिवारी विचारते. आज एकट्यानं चिप्सचं पाकीट फोडलं. अख्खं पाकीट एका माणसाला जास्त होतं. कंपन्यांनी लहान पाकिटं काढली पाहिजेत.

२६ जून

सगळे प्रश्न एका झटक्यात सुटणार आहेत.

टिप्टनांनी पुस्तक लिहिलंय, 'डोकं वर ठेवा'. १८ जुलैला इथून चाळीस मैलांवर डेन्बीच्या दुकानात ते स्वतः सह्या द्यायला येणार आहेत. मी पत्र घेऊन जाणार. त्यांनी खाली एकच ओळ लिहायची: उलटं कासव हा डाव व्हर्न स्टकी यांचा. सही, तारीख. मग ती ओळ ऑरिनला दाखवायची. तो म्हणेल, व्हर्न, चुकलं माझं. मी म्हणेन, जाऊ दे. बिजागऱ्या बसवू. पाच सप्टेंबरला पहिली मॅच आहे, वेळ भरपूर आहे.

पुस्तक मागवलंय. माझा उल्लेख कुठल्या पानावर असेल याचा अंदाज: शंभरच्या आसपास.

३ जुलै

पुस्तक आलं. उलट्या कासवावर पूर्ण प्रकरण आहे. त्यात म्हटलंय की हा डाव त्यांना पहाटे शॉवरखाली सुचला, एकांतात.

मी समजू शकतो. माझं नाव छापलं असतं तर ग्राफ्टनवाल्यांनी मला जगू दिलं नसतं. टिप्टन मला सांभाळतायत.

१८ जुलै, शनिवार, दुपारी ४.००

क्रमानं लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

रांग दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत होती, सगळी ग्राफ्टनची माणसं. मी खेचराची टोपी विकत घेऊन घातली. अंगाला खाज सुटली, पण कामासाठी माणूस काय काय करतो. सव्वा तासानं नंबर आला. टिप्टन टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा बुटके आहेत. मी फ्रेम टेबलावर ठेवली आणि म्हणालो, कोच, मी व्हर्न.

ते म्हणाले, व्हर्न, वा, काय लिहू?

मी म्हणालो, मार्लोचा व्हर्न. उलटं कासव.

ते म्हणाले, हो हो, भारी डाव होता, शॉवरमध्ये सुचला. मग फ्रेमकडं पाहून हसले. म्हणाले, अरे, ही माझी सही नाही, हा शिक्का आहे. टपालाची खोकीच्या खोकी यायची, तिथं एक बाई होती, ती दिवसभर हे शिक्के मारायची. तुला खरी देतो. आणि त्यांनी फ्रेमच्या काचेवरच मार्करनं सही केली. खऱ्या सहीतला टी अगदी ताठ आहे.

मागच्या बाईनं मला कोपरानं पुढं सरकवलं. बाहेर येताना रांगेत माझ्यामागं दहा-बारा माणसं सोडून एक उंच माणूस दिसला. काळा चष्मा, खेचराची टोपी, काखेत चौकोनी काहीतरी ब्राउन पेपरात गुंडाळलेलं. भुवया नव्हत्या.

मी त्याला पाहिलं नाही असं दाखवलं. त्यानंही तसंच दाखवलं. दोघांच्याही डोक्यावर खेचराची टोपी असताना बोलण्यासारखं काही नव्हतं.

१९ जुलै, रविवार

चर्चहून आल्यावर लोनेटला विचारलं, क्रीडा ऑफिसात कोचच्या सहीचा शिक्का मारणारी बाई कोण होती, तुझ्या ओळखीची असेल.

लोनेट बटाटे सोलत होती. म्हणाली, मी होते.

मी खुर्चीवर बसलो. ती म्हणाली, आठवड्याला तीनशे पत्रं यायची. कोच एकही वाचायचे नाहीत, सगळी खोक्यात जायची, खोकं रद्दीत. मी सगळ्यांना तेच उत्तर पाठवायचे. शिक्क्याची मूठ तुटली होती म्हणून टी कलंडायचा.

मी विचारलं, मग डाव त्यांच्यापर्यंत पोहोचला कसा? शॉवरखाली?

तिनं सुरी खाली ठेवली. म्हणाली, त्या आठवड्यात उलट्या कासवाची दोन पत्रं आली. एक तुझं. एक ऑरिनचं.

आणि मग मला तो शनिवार आठवला. मी विसरलो नव्हतो, फक्त बरीच वर्षं तिकडं पाहिलं नव्हतं. पाऊस पडून गेलेला, १४ आणि १५ च्या मधलं गवत ओलं. जोडी सॉसेजची प्लेट घेऊन येताना घसरली आणि सपशेल उताणी पडली. पाय वर, प्लेट वर, एक सॉसेज सांडलं नाही. आम्ही सगळे पोट धरून हसत तिच्याकडं बघत राहिलो. तेवढ्यात ऑरिनच्या कुत्र्यानं टेबलावरचं अख्खं हॅम उचललं आणि आरामात चालत चालत नेलं. कोणी पाहिलंसुद्धा नाही. जोडी पडल्या पडल्या म्हणाली, हे आपल्या पोरांना मैदानात का जमत नाही?

मी घरी जाऊन डाव काढला. ऑरिननंही काढला असणार. आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

लोनेट म्हणाली, तुझ्या पत्रात बाण होते आणि खाली तुझं नाव चार वेळा. ऑरिनच्या पत्रात जोडीचं चित्र होतं, प्लेटसकट, आणि लिहिलं होतं, हा डाव माझ्या बायकोचा आहे. मला इतकं हसू आलं की मी तो कागद कोच लोकांच्या कॉफीच्या मशीनवर चिकटवला. तो तीन आठवडे तिथं होता.

मी विचारलं, नऊ वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, ज्या दिवशी तू लग्नाचा फोटो काढून ते पत्र लावलंस, त्या दिवशी सांगणार होते. पण तू स्टुलावर उभा होतास आणि फार खूश दिसत होतास.

बटाटे तिनं सोलले. मी तिथंच बसून राहिलो. टिप्टननी ऑरिनच्या घरचं काय नेलं ते कळलं.

२१ जुलै

फोरमवर काही लिहिलं नाही. ब्लड प्रेशर मोजलं, १२८ वर ८०. वर्षभरात इतकं कमी नव्हतं. मशीन बिघडलं असेल.

२९ ऑगस्ट

योजना. पहिल्या मॅचला पाठ घेऊन जायची, फक्त व्यवहार म्हणून, कारण अर्ध्या भट्टीचा दोघांनाही उपयोग नाही. मग ऑरिनला मोठ्या मनानं सांगायचं की कोचपर्यंत पोहोचलं ते त्याचं पत्र, खेळला तो डाव जोडीचा होता. तो हादरेल. त्याला सावरायला वेळ द्यायचा. भाषण चार मिनिटांचं. रुमाल दोन न्यायचे, एक त्याच्यासाठी.

५ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळ

हरलो. ४१-३. नवा कोच आपल्या परीनं ठीक आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

सकाळी सातला १४ नंबरवर ट्रक लावला. ऑरिन १५ वर आधीच होता, भट्टीचं पोट उतरवून त्याच्यापुढं उकिडवा बसलेला. वर टाकीवरून डॉ. फेंटन बघत होते. भुवया अर्ध्या आल्यात, ऑरिनच्या.

भाषण पहिल्याच वाक्याला विसरलो. तो म्हणाला, डावी बिजागरी गंजलीय, तेल आणलंयस का? मी म्हणालो, हो. दोघांनी मिळून पाठ उचलली आणि पोटावर ठेवली. नीट बसत नाही. त्यानं पत्रा वेल्ड करताना कड वाकवली आणि मी विटांवर ठेवून पाठ वाकवली. दोन्हीकडून धूर येत होता.

मग मी तसंच म्हणून टाकलं. ऑरिन, तो डाव जोडीचा होता.

तो लाकूड सारत म्हणाला, माहीत आहे.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, जोडीला पुरलं त्या दुपारी लोनेटनं सांगितलं, कॉफीच्या मशीनचं. त्या दिवशी तेवढीच एक गोष्ट बरी वाटली. मी विचारलं, मग मला का नाही बोललास? म्हणाला, लोनेटला शब्द दिला होता, व्हर्नला कळू देणार नाही म्हणून.

चार वर्षं. चार हिवाळे हा माणूस दर शनिवारी माझ्या सोफ्यावर बसला, डोक्यावर ती फ्रेम, आणि मी पाहुण्यांना डाव मला कसा सुचला ते सांगत होतो. मला आठवतंय, दोनदा तर माझ्याकडून एखादा बाण राहिला तेव्हा त्यानंच आठवण करून दिली होती.

मी विचारलं, डेन्बीला काय घेऊन गेला होतास? त्यानं ट्रकमधून काढून दाखवलं. जोडीचा फोटो. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एक ओळ घाला, एवढंच विचारायचं होतं, म्हणाला. टिप्टननं फोटोवर सही करून दिली. तिच्या कपाळावर.

मी म्हणालो, चोर आहे तो. हे मी माझ्या आवाजात, मोठ्यानं म्हणालो. ऑरिन म्हणाला, कोच म्हणून बरा होता पण. त्यावर आमचा पाऊण तास वाद झाला. मांस एका बाजूनं कच्चं राहिलं, सगळ्यांनी खाल्लं. रुमाल मीच वापरला, धुरामुळे.

घरी येऊन फ्रेम उतरवली आणि पॅसेजमधला लग्नाचा फोटो तिथं लावला. फ्रेम बरीच मोठी होती. फोटोच्या चारी बाजूंनी भिंत पांढरी दिसतेय. मी म्हणालो, उद्या रंगवून टाकतो. लोनेट म्हणाली, राहू दे, आणि टीव्ही लावला.

पुढच्या शनिवारी मॅच बाहेरगावी आहे, टीव्हीवर बघावी लागेल. ऑरिन येतोय. चिप्सची दोन पाकिटं आणायला हवीत.